उसन्यावरची शीग

शब्द सुरू होतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याहून बिलोलीला आला होता. जेवणं उरकली होती, वीज गेली होती आणि आम्ही दोघं अंगणात बाजेवर बसलो होतो. त्याच्या कानात वायरी. "काय ऐकूलालास रे?" म्हटलं, तर त्यानं एक वायर काढून माझ्या कानात घातली. पियानोचे चार-पाच सूर, त्याखाली एक संथ ठेका, आणि सगळ्यांच्या मागं बारीक खरखर, जुन्या तबकडीवर सुई फिरते तशी. तेच सूर पुन्हा आले, पुन्हा आले. मला वाटलं, ही सुरुवातीची धून असेल, आता गाणारा येईल. दोन मिनिटं झाली, तीन झाली.

"गाणं कधी सुरू होणार?"

"मामा, हेच गाणं आहे. ह्यात कुणी गात नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "आणि हे बाहेर आलं तेव्हा करणारा माणूस जिवंत नव्हता."

अंधारात ते वाक्य अंगावर आलं. मी दुसरी वायरही मागून घेतली.

त्या माणसाचं नाव सेबा जुन. टोकियोचा. रोमन लिपीत हे नाव उलटं वाचलं की जे होतं, तेच त्यानं संगीतासाठी घेतलं: नुजाबेस. जन्म 7 फेब्रुवारी 1974 चा. शिबुया भागात तो जुन्या-नव्या तबकड्यांची दुकानं चालवायचा आणि हायडआउट प्रॉडक्शन्स नावाची स्वतःची छोटी कंपनीही त्यानं काढली होती. 2003 साली 'मेटाफॉरिकल म्युझिक' आणि 2005 साली 'मोडल सोल' असे दोन अल्बम आले. तिसऱ्याचं काम चालू असताना 26 फेब्रुवारी 2010 ला टोकियोच्या द्रुतगती मार्गावर मोटारीच्या अपघातात तो गेला. वय 36. मागं राहिलेलं काम त्याच्या मित्रांनी हाती घेतलं आणि डिसेंबर 2011 मध्ये 'स्पिरिच्युअल स्टेट' हा अल्बम निघाला. त्यात 14 रचना आहेत. काहींत अमेरिकी मित्रांचा रॅप आहे, बाकी सगळी नुसती वाद्यं.

आपल्याकडं शब्दाला मान आहे. अभंग, ओवी, भारूड, पोवाडा, भीमगीत, सगळं शब्दावर उभं. कार्यक्रमात गाणाऱ्याचं नाव आधी येतं आणि शेवटी निवेदक कागदाकडं बघत सांगतो, तबल्यावर साथीला अमुक, पेटीवर तमुक. 'साथीला' हा शब्द मी आयुष्यभर ऐकला, पण साथीचा माणूस एकटाच बसला आणि समोर गाणारा कुणी नसला तर काय ऐकू येईल, हा विचार कधी मनात आला नव्हता. हिप-हॉपमध्ये ज्याला प्रोड्यूसर म्हणतात, तो असाच साथीचा माणूस. रॅप करणाऱ्याच्या पायाखालची जमीन तो तयार करतो. लोक रॅपरला ओळखतात, जमिनीला कोण ओळखतो?

ही जमीन तयार होते कशी, ते भाच्यानं त्या रात्री समजावून सांगितलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 11 ऑगस्ट 1973 ला एका घरगुती पार्टीत कूल हर्क नावाचा, जमैकातून आलेला पोरगा तबकड्या वाजवत होता. नाचणाऱ्यांना गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो तुकडा लांबवण्यासाठी त्यानं एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावायची रीत काढली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू. पुढं हे काम सॅम्पलर नावाच्या यंत्रानं सोपं केलं. कुठल्याही तबकडीतले दोन-तीन सेकंद कापायचे, त्यांची गती बदलायची, त्यांना फिरतं ठेवायचं. इंग्रजीत त्याला लूप म्हणतात. आपण आवर्तन म्हणू. भजनात चिपळ्या धरून बसलेल्या माणसाला आवर्तन समजावून सांगावं लागत नाही. तेच तेच येतं आणि दर वेळी समेवर मन पुन्हा टेकतं.

दुसऱ्याच्या तबकडीतून घेतलेलं, म्हणजे उसनंच. मला पहिल्यांदा ते खटकलं. पण उसनं म्हटलं की मला माझी आई आठवते. शेजारच्या तेलुगू घरातून ती ज्वारीचं पीठ उसनं आणायची. दळण आलं की तीच वाटी भरायची, हलवायची, दाबायची, आणि वर बोटांनी शीग लावायची. पीठ कडेवरून सांडायला लागलं की मगच वाटी माझ्या हातात द्यायची. सपाट वाटी परत पाठवणं आमच्या घरात पाप होतं. नुजाबेसचं संगीत ऐकताना मी हेच बघत गेलो, त्यानं घेतलं किती आणि परत केलं ते शिगोशीग आहे का.

त्याची एक धून आहे, 'अरुअरियन डान्स'. ती मला कित्येक दिवस सोडत नव्हती. गिटारीचे थोडेच सूर, उतरत येणारे, संध्याकाळी गुरं घरी येतात तशा चालीचे. त्या सुरांचा माग काढत गेलं की 1899 सालच्या पॅरिसला पोचतो. मॉरिस रॅव्हेल तेव्हा 24 वर्षांचा होता. त्यानं पियानोसाठी एक रचना केली आणि तिला नाव दिलं दिवंगत राजकन्येसाठी पवान. पवान म्हणजे युरोपातल्या दरबारांत चार-पाचशे वर्षांपूर्वी चालणारा एक संथ नाच. 1939 साली अमेरिकेत त्याच सुरावटीवर 'द लॅम्प इज लो' नावाचं गाणं झालं, तिला शब्द मिळाले. मग ब्राझीलचा गिटारवादक लॉरिंदो आल्मेइदा आला. त्यानं शब्द बाजूला ठेवून ती चाल गिटारीवर वाजवली. ती तबकडी टोकियोतल्या सेबा जुनच्या हाती लागली. त्यानं तिच्यातले थोडे सेकंद घेतले आणि खाली ढोलाचा ठेका घातला. फ्रान्स, अमेरिका, ब्राझील, जपान. शब्द नव्हते, आले, आणि पुन्हा गेले. सूर तेवढे राहिले. आणि बिलोलीतल्या बाजेवर बसलेल्या माणसाला त्यात गुरांची वाट दिसली.

ही धून 'सामुराई चांपलू' नावाच्या जपानी कार्टून मालिकेतली. 2004 साली ती सुरू झाली. शिनिचिरो वातानाबे हे तिचे दिग्दर्शक. जुन्या एदो काळातले तलवारबाज आणि त्यांच्या मागं हिप-हॉपचा ठेका, असा तो मेळ. मला त्यातलं नाव आवडलं. चांपलू हा ओकिनावा बेटांवरचा शब्द, तिकडं चांपुरू म्हणतात, म्हणजे सरमिसळ. तिथला सगळ्यात प्रसिद्ध चांपुरू कारल्याचा असतो. कारलं, सोयाबीनचं पनीर, अंडी आणि बहुतेक वेळा डुकराचं मांस एकाच कढईत परतायचं. ओकिनावा हेही आमच्यासारखंच कडेचं ठिकाण. चीनची जहाजं आली, जपानचं राज्य आलं, युद्धानंतर अमेरिकेची छावणी आली. जे आलं ते कढईत पडलं.

आमची कढई काही वेगळी नाही. बिलोली तालुक्याची कड तेलंगणाला लागते. मांजरा नदी वाहत जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, तो संगम पलीकडच्या राज्यात. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत. सोयरीक बोधन-निजामाबादला. बाजारात एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी येते आणि कुणाला ते वेगळं वाटत नाही. इथून नांदेडला गेलं की हुजूर साहिबमध्ये कीर्तन ऐकू येतं. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी, कंधारच्या उरुसात कव्वाली. हे सगळं मी लहानपणी एकाच कानानं ऐकलं. शुद्ध संगीत, मिश्र संगीत असा भेद पुढं शहरातल्या पुस्तकांतून कळला.

नुजाबेसनं आणखी एक तबकडी मनापासून वापरली. युसेफ लतीफ यांनी 1961 साली ध्वनिमुद्रित केलेली 'ईस्टर्न साउंड्स'. तिच्यात 'स्पार्टाकस' या गुलामांच्या बंडावरच्या चित्रपटातली प्रेमधून आहे, लतीफ यांनी ओबो या फुंकवाद्यावर वाजवलेली. नुजाबेसची 'द फायनल व्ह्यू' त्याच धुनेवर उभी आहे. लतीफ हे डेट्रॉइट शहरात वाढलेले काळे अमेरिकी मुसलमान. पूर्वेकडची वाद्यं शोधून शोधून शिकणारा माणूस. त्या तबकडीत एका ठिकाणी त्यांच्या साथीदारानं, अर्नी फॅरो यांनी, रबाब वाजवला आहे. हे वाचलं आणि मी थांबलो. रबाब म्हणजे भाई मर्दाना यांचं वाद्य. गुरू नानक गात आणि मर्दाना साथ करत. साथीच्या माणसाचं नाव शिखांनी पाचशे वर्षं जपलं आहे. नांदेडला लहानपणापासून जाऊन मला जे दिसलं नव्हतं, ते डेट्रॉइटवरून टोकियोमार्गे फिरून आल्यावर दिसलं. ह्याच फॅरो यांची सावत्र बहीण ॲलिस कोल्ट्रेन. ती पुढं संन्यासिनी झाली आणि कॅलिफोर्नियातल्या आश्रमात भजनं करत राहिली.

डेट्रॉइटचं नाव आलं आहे, तर जेम्स यान्सीबद्दल बोललंच पाहिजे. लोक त्याला जे डिला म्हणतात. तोही प्रोड्यूसर, तोही डेट्रॉइटचा, आणि जन्म 7 फेब्रुवारी 1974. होय, तोच दिवस, तेच वर्ष. एक टोकियोत, एक डेट्रॉइटमध्ये. डिलाला रक्ताचा दुर्मिळ आजार आणि ल्युपस झाला होता. हातापायाचे सांधे सुजायचे. त्याची आई मॉरीन यान्सी लॉस एंजेलिसला त्याच्यापाशी राहिली. पोराच्या बोटांना मालीश करायची, म्हणजे ती पुन्हा यंत्राची बटणं दाबू शकतील. 7 फेब्रुवारी 2006 ला, त्याच्या 32 व्या वाढदिवशी, 'डोनट्स' हा नुसत्या वाद्यांचा अल्बम निघाला. 31 छोट्या छोट्या रचना, बऱ्याचशा मिनिट-दीड मिनिटाच्या. तीन दिवसांनी, 10 तारखेला, तो गेला. त्या अल्बमच्या पहिल्याच रचनेच्या नावात 'समारोप' आहे, आणि शेवटची जिथं संपते तिथून पहिली पुन्हा लावता येते. सम चुकत नाही.

डिलाचा ठेका मला सगळ्यात ओळखीचा वाटला. यंत्राला सांगितलं तर ते प्रत्येक ठोका घड्याळासारखा सरळ रेषेत मांडतं. डिला ती सोय नाकारायचा. कुठला ठोका केसभर आधी, कुठला केसभर उशिरा. आपल्या हलगीवाल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. टिपरू कातड्यावर पडताना तो किंचित रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलतो. ज्या यंत्रावर डिलानं हे केलं, ते त्याचं एमपीसी 3000 आज वॉशिंग्टनमध्ये काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेलं आहे. साथीच्या माणसाचं वाद्य संग्रहालयात! मी ते भाच्याला दोनदा विचारून खात्री केली.

आता मामांकडं येतो. माझ्या मामांकडं.

माझे थोरले मामा तीस वर्षं बेंजो वाजवत होते. आमच्याकडं लग्नात, भीमजयंतीला, गणपतीत बेंजो पार्टी लागते. ढोल, ताशा, पॅड, आणि मधोमध बेंजो. दोन-अडीच फुटांची लाकडी पेटी, वर ओळीनं बटणं, खाली तारा. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी. तारेचा आवाज भोंग्यातून गावभर जातो. मामांची पार्टी सीमेच्या दोन्ही अंगाला जायची. नवरदेव दारात येईपर्यंत खंडोबाचं, वस्तीजवळ भीमगीत, दर्ग्यापाशी कव्वालीची चाल, आणि वरात बोधनची असली की तेलुगू सिनेमातली गाणी एकामागून एक. तिकडची पोरं ओरडायची, "इंको पाटा, इंको पाटा," आणखी एक गाणं. मामांना तेलुगू वाचता येत नव्हतं, पण वाजवता येत होतं. गाणं बसलं की ते त्यात मधेच आपली एक सुरावट घालायचे. ती कुठल्याच गाण्यातली नव्हती. मशिदीच्या वळणावर वरात थांबली की हमखास यायची.

मामा गेले त्याला बारा वर्षं झाली. बेंजो माळ्यावर होता, जुन्या लुगड्यात गुंडाळून. नुजाबेसच्या नादानं भाच्यानं तो खाली काढला. निम्मी बटणं गंजलेली, एक तार तुटलेली. दुरुस्तीसाठी भाग कुठं मिळतील ते तो मोबाइलवर शोधत बसला, आणि मग हाका मारत स्वयंपाकघरात आला. "मामा, हे वाद्य जपानी आहे."

खरंच आहे. 1912 साली, जपानच्या ताइशो काळाच्या पहिल्याच वर्षी, नागोया शहरातल्या मोरिता गोरो या वादकानं हे वाद्य तयार केलं. तारांच्या वाद्याला त्यानं टाइपरायटरसारखी बटणं जोडली, म्हणजे न शिकलेल्या माणसालाही सूर सापडावा. नाव पडलं ताइशोगोतो. जहाजांमधून ते हिंदुस्थानच्या बंदरांवर उतरलं. कुठं त्याला बुलबुलतरंग म्हणू लागले, बलुचिस्तानात बेंजू, आणि आमच्याकडं बेंजो. हे नावसुद्धा उसनं. खरा बँजो म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर, भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं वाद्य. म्हणजे माझ्या मामांच्या छातीवर जे होतं, त्याचं नाव काळ्या गुलामांकडून आलेलं, अंग नागोयाचं, आणि सूर मांजरेच्या काठाचा.

मी बराच वेळ तसाच बसलो. टोकियोत एक माणूस काळ्या अमेरिकनांचं संगीत जपानी हातांनी वाजवतो, हे मला त्या दिवाळीत नवल वाटलं होतं. तेच नवल आमच्या घरात तीस वर्षं माळ्यावरून खाली उतरत होतं, लग्नं लावून परत माळ्यावर जात होतं. त्याचं नाव कुणी काढलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

उसनं घेणं वाईट नाही. नाव न सांगता घेणं वाईट. 2002 साली अमेरिकेत 'ॲडिक्टिव्ह' नावाचं गाणं फार गाजलं. त्यात मधून मधून एक हिंदी आवाज येतो. तो आपल्या लतादीदींचा. 1981 च्या 'ज्योती' चित्रपटातलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं 'थोडा रेशम लगता है'. विचारलं नव्हतं, नाव छापलं नव्हतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि 2003 साली न्यायालयानं सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. सपाट वाटी परत येत होती, न्यायालयानं शीग लावायला लावली. पण कोर्टात जायला नाव असावं लागतं, तबकडी असावी लागते, कागद असावा लागतो. हलगीवाल्यानं कुठल्या कोर्टात जायचं? त्याच्या वाजवण्याची नोंदच नाही.

डिलाचा मित्र मॅडलिब यानं 2007 साली भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर एक पूर्ण अल्बम केला आणि नावातच 'इन इंडिया' असं लिहिलं. कुठून आणलं ते त्यानं लपवलं नाही. तरीही त्या तुकड्यांत ढोलक कुणी वाजवली, हे मुंबईच्या मूळ तबकडीवरच छापलेलं नसलं, तर तो बिचारा कुठून सांगणार? दोष आपला आहे. आपण साथीच्या माणसांची नावं लिहून ठेवत नाही. मला ह्याचा राग येतो आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

'स्पिरिच्युअल स्टेट' ऐकताना म्हणूनच मला त्या मित्रांचं फार वाटतं. उयामा हिरोतो हा सॅक्सोफोन, बासरी, पियानो वाजवणारा नुजाबेसचा जुना सोबती. त्याच्यासमोर मित्राचं अर्धं राहिलेलं काम होतं. त्यात हात घालायचा, पण स्वतःचा हात दिसू द्यायचा नाही, हे किती अवघड असेल. घरात कुणी गेलं की त्याचं अर्धवट विणलेलं, अर्धवट बांधलेलं पुरं करताना घरच्यांचे हात कापतात. शिंगोटू नावाचा रॅपर आणि नुजाबेस मिळून एका गाण्याचे भाग करत होते, पत्रासारखे. तीन भाग नुजाबेसच्या हयातीत झाले. तो गेल्यावर त्याच्या मागं राहिलेल्या धुनांवर शिंगोटूनं पुढचे तीन लिहिले, आणि सहावा, शेवटचा भाग 2013 साली 26 फेब्रुवारीला, स्मृतिदिनी, बाहेर आला. आपण श्राद्ध घालतो, पिंड ठेवतो, कावळ्याची वाट पाहतो. त्यांनी ठेका जिथं थांबला होता तिथून पुढं चालवला.

मामांचं आम्ही काय केलं ते सांगतो. तीस वर्षांत त्यांची एकही कॅसेट भरली गेली नाही. मात्र माझ्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आहे, 1996 चं. वरातीत मामाच वाजवत होते, भाच्याच्या लग्नात दुसरं कोण वाजवणार! शूटिंगवाल्यानं नंतर एडिटिंग करताना सगळा मूळ आवाज काढून टाकला आणि वरातीवर त्या वर्षीची सिनेमाची गाणी चढवली. तेव्हा सगळीकडं तसंच करायचे. त्यामुळं चित्रात मामा दिसतात, गळ्यात पट्टा, कपाळावर घाम, बोटं बटणांवर पळताहेत, आणि ऐकू येतं दुसरंच. मामांनी ती कॅसेट आमच्या घरी बसून पाहिली होती. सगळे नवरा-नवरी बघत होते. मामा आपल्या हातांकडं बघत होते. कॅसेट संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "वाजवूलालो मी, अन् गाणं भलतंच." चहा न घेता उठले. मी त्या वेळी काही बोललो नाही. आज बोललो असतो.

त्या कॅसेटची पुढं सीडी करून घेतली होती. भाच्यानं ती संगणकात घातली आणि पहिल्यांदा काय केलं, तर आवाज पूर्ण बंद केला. मग मामांची बोटं दिसतात तो भाग शोधून काढला. कॅमेरा त्यांच्या हातांवर थांबलाय तो जेमतेम 11 सेकंद. मागं मशिदीची भिंत दिसते, म्हणजे वळणावरच. तेच वळण! तो एकेक चित्र थांबवत गेला. डावी तर्जनी कितव्या बटणावर, मधलं बोट कुठं, नखी खाली आली का वर गेली. समोर मामांचा गंजलेला बेंजो मांडला होता, त्यावर बटणं मोजायची आणि वहीत लिहायचं. चित्र अंधूक, वरातीच्या गॅसबत्त्यांचा उजेड मधेच डोळ्यांवर येणारा. एका ठिकाणी कुणीतरी नाचत आडवं आलंय. दोन रात्री आम्ही हेच करत होतो. माझी बायको मधून मधून येऊन बघून जायची. तिच्या लग्नाचीच वरात ती, पण ती नवरीकडं बघत नव्हती, बोटांकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं राहिलेल्या एका तारेवर वहीतले सूर वाजवून दाखवले. चार सूर नक्की लागले, पाचव्यावर तो अडला. मी डोळे मिटले होते. मला पाचवा माहीत होता. मी तो तोंडानं म्हटला आणि त्यानं बटण शोधलं.

पुढचं आठवत नाही. मामींना आठवेना, मामांच्या पार्टीतला ताशेवाला कामाच्या शोधात केव्हाच निजामाबादकडं गेला, त्याचा पत्ता नाही. पाच सूर आहेत. ते वहीत तारखेसह लिहिलेत आणि वर मामांचं पूर्ण नाव घातलंय.

तुमच्या घरात जुन्या लग्नाची, जत्रेची, जयंतीची, भजनाची कॅसेट असेल आणि तिच्यात मूळ आवाज शिल्लक असेल, तर ती टाकू नका. बुरशी धरायच्या आत मोबाइलमध्ये उतरवून घ्या. बेंजोवर कोण होतं, हलगीवर कोण, पखवाज कुणाचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती असेपर्यंत विचारा. आणि नावं कॅसेटच्या पाठीवर पेननं लिहा.

आमचा बेंजो दुरुस्तीला दिलाय. तारा मिळाल्या, बटणं अजून मिळायची आहेत.